अॅलिस स्प्रिंग्ज ते उलुरू रोड ट्रिप, जुलैत, आईबाबा आणि लेकीसोबत: घळी, प्राणी आणि तिथल्या मूळ लोकांबद्दल सल्ला हवाय

ओवी_मेलबर्न

नमस्कार मंडळी. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत रेड सेंटरला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरच्या तांबड्या वाळवंटात, जायचं जवळजवळ पक्कं झालंय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सध्या आमच्याकडे राहायला आलेले आईबाबा अशी पाच जणांची पलटण आहे. आई टुणटुणीत आहे, दिवसभर चालेल. बाबांचे गुडघे दुखतात, सपाटीवर तासभर मजेत चालतात पण पायऱ्या आणि चढ आला की थांबतात.

ढोबळ बेत असा की अॅलिस स्प्रिंग्जला विमानाने उतरायचं, तिथे गाडी भाड्याने घ्यायची, वेस्ट मॅकडॉनेल रेंजमधल्या घळी बघायच्या, मग किंग्ज कॅन्यन, मग उलुरू हा प्रचंड तांबडा खडक आणि जवळचे काटा जुटाचे घुमटासारखे डोंगर, आणि तिथल्याच युलारा गावाच्या विमानतळावरून परत. साधारण आठवडाभर हाताशी आहे. ज्यांना ज्यांना विचारलं ते म्हणतात अॅलिसला एक रात्र काढा आणि सरळ उलुरू गाठा, मधे नुसतं वाळवंट आहे. पण मी नकाशा उघडून बसले तर त्या डोंगररांगेत इतक्या घळी दिसतायत की मला ते काही पटेना.

म्हणून विचारतेय, कुठे किती वेळ द्यावा, साधी गाडी चालते का फोर व्हील ड्राइव्हच घ्यावी लागते, तो मेरीनी लूप नावाचा कच्चा रस्ता घरच्यांना घेऊन करावा का. लेकीला प्राणी बघायचेत, तिने थॉर्नी डेव्हिल नावाच्या काटेरी सरड्याचं चित्र काढून फ्रिजवर लावलंय आणि तो दिसलाच पाहिजे असा हट्ट आहे. आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ आहे ती तिथल्या मूळ लोकांबद्दल काहीतरी नीट समजून घ्यायची. इतकी वर्षं या देशात राहतोय, प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्या जमिनीच्या मूळ मालकांना मानवंदना देतात ती ऐकतो, पण त्यांच्यापैकी कोणाशी बसून बोलणं असं कधी झालेलंच नाही. पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नकोय आणि उगाच कोणाच्या घरात डोकावल्यासारखंही नकोय. हे कसं जमवायचं?

धूळवाट

ओवी, तुला नकाशात दिसलं ते बरोबर आहे, अॅलिसला एकच रात्र अजिबात नको. उलुरू बघायलाच हवा, त्यात वादच नाही, पण ज्याला घळी बघायच्यात त्याचं खरं घबाड अॅलिसच्या पश्चिमेला आहे आणि लोक ते सोडून दक्षिणेला पळतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथले किमान दोन पूर्ण दिवस धर, जमलं तर तीन.

गावातून निघालं की अठरा किलोमीटरवर सिम्पसन्स गॅप. गाडीतळापासून वाट सपाट, नदीच्या कोरड्या वाळूच्या कडेने जाते, बाबांना काही त्रास नाही. मग स्टँडली कॅझम, ही जागा आदिवासी ट्रस्टच्या मालकीची आहे आणि तिथलं तिकीट वेगळं. ती एवढी अरुंद चीर आहे की ऊन तळापर्यंत फक्त मध्यान्हीच्या आसपास पोचतं, आधी एक भिंत पेटते, मग दुसरी, आणि थोड्याच वेळात सगळं परत सावलीत. म्हणजे तिथे अकरा सव्वाअकराला पोचायचं आणि निवांत बसून राहायचं, गर्दी फोटो काढून निघून जाते आणि मजा त्यानंतरच असते. वाटेत दगडगोटे आहेत, बाबांना काठी द्या.

पुढे एलरी क्रीकचा डोह, जेवणाचा डबा तिथे उघडायचा. मग ऑकर पिट्स, म्हणजे गेरूच्या खाणी, नदीकाठी पिवळ्या, पांढऱ्या, तांबड्या मातीचे उभे पट्टे आहेत. वेस्टर्न अरेंटे लोक विधींसाठी हा गेरू पिढ्यानपिढ्या वापरत आलेत, त्यामुळे चिमूटभरसुद्धा उचलायचा नाही, बोटाला लावून बघायचा नाही, लेकीला आधीच सांगून ठेव.

आणि मग ऑर्मिस्टन गॉर्ज. अॅलिसपासून १३५ किलोमीटर. इथे मात्र घाईत येऊन घाईत जाऊ नका. डोह दक्षिणेच्या टोकाला चौदा मीटरपर्यंत खोल आहे, सहसा आटत नाही, आणि आजूबाजूला सगळं रखरखीत असताना त्यात मासे आहेत. जुलैत पाणी इतकं गार की पाय घातला की हाडापर्यंत कळ जाते, पोहायचं विसरा. पण सकाळी लवकर गेलात तर वारा पडलेला असतो आणि तांबडी भिंत अख्खी पाण्यात उलटी दिसते, तळाजवळचे खडक जांभळट, वर जाऊन केशरी, मधेच एखादा पांढराफटक घोस्ट गम कपारीत मुळं रोवून उभा. बाबा डोहापर्यंत आरामात येतील. घोस्ट गम लुकआउटला पायऱ्या आहेत, तिथे तुम्ही चौघं जा. तुझ्या आईला ऑर्मिस्टन पाउंडची साडेआठ किलोमीटरची फेरीसुद्धा आवडेल, तीन चार तास लागतात, वाटेत डोहाकाठचे धोंडे ओलांडावे लागतात आणि पाणी जास्त असेल तर पाण्यातूनही जावं लागतं, म्हणून आधी तिथल्या बोर्डावर बघून घ्या.

मेरीनी लूपबद्दल माझं मत, फोर व्हील ड्राइव्ह घेणार असाल तर जरूर करा. ऑर्मिस्टनहून परत अॅलिसला येऊन हायवेने किंग्ज कॅन्यनला जायचं म्हणजे मोठा वळसा, आणि मेरीनीने गेलात तर वाटेत टायलर्स पासवरून ट्नोराला दिसतो. तिथे साधारण चौदा कोटी वर्षांपूर्वी धूमकेतू किंवा लघुग्रह आदळला आणि त्या तडाख्याने वर आलेल्या खडकांचं कडं आजही सपाट मैदानात उभं आहे. रस्ता आदिवासी जमिनीतून जातो म्हणून परमिट लागतं, अॅलिसच्या व्हिजिटर सेंटरमध्ये लगेच मिळतं, पैसेही किरकोळ, आणि सोबत जी माहितीपत्रिका देतात ती खरंच वाचण्यासारखी आहे. परमिट फक्त रस्त्याने जाण्याचं असतं, मुक्कामाचं नाही.

किंग्ज कॅन्यनला रिम वॉक, म्हणजे कड्याच्या काठावरची फेरी, सहा किलोमीटरचा, सुरुवातीलाच खडी चढण आहे, बाबांसाठी नाही. त्यांच्यासाठी खाली किंग्ज क्रीकची वाट आहे, जाऊन येऊन अडीच किलोमीटरच्या आसपास, आणि खालून वर बघताना शंभर मीटरहून उंच कडे अंगावर येतात. दोन गट करा. वर जाणाऱ्यांनी गार्डन ऑफ ईडन चुकवू नका, मधेच लाकडी जिने उतरून खाली जावं लागतं, आणि एवढ्या उघड्या बोडक्या खडकांच्या पोटात ताडासारखी दिसणारी सायकॅडची झाडं आणि पाण्याचा डोह निघतो.

सीमाताई_डार्विन

ओवी, तुझा शेवटचा प्रश्न वाचून बरं वाटलं म्हणून सविस्तर लिहिते. मी नोकरीनिमित्त अॅलिसमध्ये राहिलेय, कामाच्या ठिकाणी रोज अरेंटे, वारल्पिरी, पित्जंत्जत्जारा, लुरित्जा बोलणारी माणसं भेटायची. एकेका आजीबाईला चार चार भाषा यायच्या आणि इंग्रजी त्यात पाचवी. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे आदिवासी संस्कृती असं एकच काही नाही. अॅलिस अरेंटे लोकांचं, किंग्ज कॅन्यनकडे लुरित्जा, उलुरूला आनांगू. गाडी दिवसभर चालवलीस की तू एका देशातून दुसऱ्या देशात गेलेली असतेस, फक्त पाटी लागत नाही.

उलुरूला पोचलात की आधी कल्चरल सेंटरमध्ये जा, खडकाकडे नंतर. तिथे जुकुर्पा म्हणजे काय ते त्यांच्याच शब्दांत मांडलंय. त्याला नुसत्या पुराणकथा समजू नकोस. जमीन कशी झाली, कोणाचं कोणाशी नातं काय, कोणी कोणाशी कसं वागायचं, पाणी कुठे आहे, काय खायचं आणि काय राखायचं, हा सगळा कायदाच त्यात आहे आणि तो आजही चालतो. मग दोन छोट्या वाटा आहेत, दोन्ही सपाट, बाबांना अगदी सोयीच्या. माला वॉकवर रेंजर फुकट फिरवून आणतात, वेळ तिथे विचारून घ्या आणि ही फेरी काहीही करून चुकवू नका. दुसरी कुनिया वॉक, मुतित्जुलू डोहाकडे जाणारी. कुनिया ही अजगर स्त्री, तिच्या भाच्याला लिरू म्हणजे विषारी सापांच्या टोळीने भाल्यांनी मारलं, ती संतापून आली आणि तिने एका लिरूच्या डोक्यात काठी घातली, पहिला घाव हलका, दुसरा जिवावरचा. ते दोन्ही घाव खडकावर दिसतात, एक भेग उथळ आणि एक खोल. लेकीला तिथे उभं करून गोष्ट सांग, ती स्वतःच शोधून काढेल.

खडकावर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचं बंद आहे. तारीख मुद्दाम निवडलेली होती, २६ ऑक्टोबर १९८५ ला सरकारने ही जमीन आनांगूंच्या नावावर परत केली आणि त्यांनी ती ९९ वर्षांच्या कराराने नॅशनल पार्कसाठी दिली. म्हणजे चौतीस वर्षं ते लोक हात जोडून सांगत होते की चढू नका, ही पवित्र वाट आहे, आणि इथे कोणी पडून मेलं की आम्हाला त्याचं दुःख होतं कारण तो आमच्या जमिनीवरचा पाहुणा. आता लोक खालून फिरतात आणि मला वाटतं त्यामुळे बघणं जास्त चांगलं होतं. पायथ्याची पूर्ण फेरी दहा किलोमीटरच्या थोडी वर आहे, तुम्ही तिघी जमल्यास पहाटेच सुरू करा. वाटेत काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. तिथल्या खडकाचं रूप हेच त्यांचं शास्त्र आहे आणि ते भलत्या माणसाने भलत्या ठिकाणी बघू नये असा नियम आहे, तो अगदी काटेकोर पाळा.

आणि काही गोष्टी तुम्हाला सांगितल्याच जाणार नाहीत. काटा जुटाच्या कथा दीक्षा झालेल्या पुरुषांच्या, त्यांच्याच बायकांनाही त्या माहीत नसतात. आपल्याला सवय असते की तिकीट काढलं म्हणजे सगळी माहिती मिळाली पाहिजे. इथे ज्ञान वयाने, नात्याने आणि जबाबदारीने मिळतं. ते मिळालं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, तसंच असायला हवं.

बसून बोलण्याबद्दल. किंग्ज कॅन्यनजवळ कार्के नावाचा उपक्रम आहे, तिथलीच माणसं तिथल्या जमिनीवर चालवतात. बिया कशा दळायच्या, विचेटी अळी कुठल्या मुळात सापडते, भाले, ठिपक्यांच्या चित्रांतल्या खुणांचा अर्थ, सगळं समोर बसून दाखवतात आणि हवं तेवढं विचारू देतात. उलुरूला मारुकू आर्ट्स ही आनांगूंच्या मालकीची संस्था, त्यांच्या चित्रांच्या वर्गात लेक रमेल. अॅलिसमध्ये टॉड मॉलला पापुन्या तुला आर्टिस्ट्सची गॅलरी आहे, १९७२ पासून चित्रकारांच्याच मालकीची. चित्र घ्यायचं असेल तर अशाच ठिकाणी घ्या, चित्रकाराचं नाव, गाव आणि कागद मागा. स्वस्तातली ठिपकेवाली वस्तू कोणी कुठे छापली ते कळत नाही आणि त्यातला एक डॉलरही या लोकांपर्यंत जात नाही.

वागण्याचं थोडं. न विचारता कोणाचाही फोटो नाही, लहान मुलांचा तर मुळीच नाही. एकामागून एक प्रश्न विचारू नका, एक विचारून थांबा, उत्तर सावकाश येतं आणि मधली शांतता त्यांना अवघड वाटत नाही. नजरेला नजर दिली नाही तर तो उद्धटपणा नसतो, उलट आदर असतो. आणि अॅलिसबद्दल तुम्हाला गाडी लॉक करा, रात्री फिरू नका असं सगळे सांगतील, काळजी घ्या, ठीक आहे, पण रस्त्याकडेला बसलेल्या माणसांकडे त्याच चष्म्यातून बघू नका. त्यातले कितीतरी जण नातेवाइकाच्या डायलिसिससाठी शेकडो किलोमीटरवरून येऊन अडकलेले असतात.

ओवी_मेलबर्न

सीमाताई, धूळवाट दादा, किती मनापासून लिहिलंत! बाबांना वाचून दाखवलं, कुनियाची गोष्ट ऐकून ते म्हणाले मला ती भेग बघायचीच आहे.

आता दोन प्रश्न राहिले. एक, थॉर्नी डेव्हिल. दोन, नवऱ्याला मेरीनीची धास्ती वाटतेय, तो शहराबाहेर कच्च्या रस्त्यावर फारसा चालवत नाही, आणि आम्ही बघितलेली गाडी साधी एसयूव्ही आहे.

पक्षीवेडा

लेकीला आधीच खरं सांगून ठेवा ताई, जुलैत थॉर्नी डेव्हिल मोकळ्यावर दिसणं कठीण. रात्री पारा शून्याखाली जातो, सरपटणारे प्राणी थंडीत बिळात पडून असतात. पेरेंटी घोरपड, जी अडीच मीटरपर्यंत वाढते, तीही तशीच. म्हणून अॅलिसच्या रेप्टाइल सेंटरमध्ये जा, तिथे थॉर्नी डेव्हिल अगदी जवळून बघता येतो. त्याच्या काट्यांमधल्या कातडीवर केसाएवढ्या बारीक खाचा असतात, ओल्या वाळूत नुसता उभा राहिला तरी पाणी त्या खाचांतून आपोआप चढत तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत जातं आणि तो जबडा हलवत ते पितो. मुंग्या खातो, एकेक टिपून, एका बैठकीत शेकड्यांनी.

पण हिवाळ्यात इतर खूप काही असतं. काळ्या पायांची रॉक वॉलबी, म्हणजे खडकांत राहणारा छोट्या कांगारूसारखा प्राणी, सिम्पसन्स गॅपला बघा. पहाटे किंवा ऊन उतरताना जायचं, उजव्या हाताला खडकांचा जो ढिगारा आहे त्याच्याकडे तोंड करून अजिबात न हलता बसायचं. आधी काहीच दिसत नाही, सगळा दगडच. मग एक दगड कान हलवतो. एकदा नजर बसली की पाच दहा दिसायला लागतात, गालावर फिकट पट्टी, शेपटीच्या टोकाला झुबका, आणि उभ्या कड्यावर अशा उड्या मारतात की बघताना आपल्याच पोटात गोळा येतो. खायला काही देऊ नका.

ऑर्मिस्टनला गाडीतळावरच स्पिनिफेक्स पिजन असतात, विटकरी रंग, डोक्यावर टोकदार तुरा, लगबगीने पायांतून पळतात. झेब्रा फिंचचे थवे कुठे वरखाली करताना दिसले तर समजायचं पाणी जवळ आहे, तो पक्षी सहसा पाण्यापासून लांब जात नाही, जुने वाटाडे याच खुणेवर पाणी शोधायचे. हिरव्या बजरिगार पोपटांचा थवा मिळाला तर नशीब. अॅलिस डेझर्ट पार्कला अर्धा दिवस द्याच, तिथल्या अंधाऱ्या दालनात लांब कानांचा बिल्बी आणि माला हे निशाचर प्राणी बघायला मिळतात. माला म्हणजे सशाएवढी वॉलबी, मुख्य भूमीवर जंगलातून पार संपली. मांजरं आणि कोल्हे बाहेरून आले, आणि मूळ लोक जे छोटे छोटे वणवे लावून गवत राखायचे ते थांबलं, त्यानंतर ती टिकली नाही. सीमाताईंनी सांगितलेला माला वॉक याच प्राण्याच्या नावाचा, आणि उलुरूच्या पार्कात २००५ पासून कुंपण घालून तिला परत वाढवतायत. कथेतला प्राणी जगला पाहिजे म्हणून आनांगू लोक त्या कामात स्वतः आहेत, हे मला फार मोठं वाटतं.

रस्त्यात मेलेल्या कांगारूवर वेज टेल्ड ईगल बसलेला दिसला तर वेग एकदम कमी करा. पंखांचा पसारा दोन मीटरच्या वर, पोट भरलेलं, त्याला उठायला वेळ लागतो आणि उडतो तो नेमका रस्त्याच्या मधोमध. जंगली उंट पण दिसतील, एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान, बलुचिस्तान, पंजाब, राजस्थानकडचे उंटवाले त्यांना घेऊन आले होते, घान रेल्वेचं नाव त्यांच्यावरूनच पडलं.

आणि रात्री लवकर झोपू नका. जुलैत जेवणानंतर आकाशगंगा थेट डोक्यावर असते. तिच्यातल्या काळ्या पट्ट्यांकडे बघा, ताऱ्यांकडे नाही. दक्षिण क्रॉस या तारकासमूहाच्या शेजारचा काळा ठिपका हे डोकं, मग लांब मान, मग वृश्चिकाकडे फुगलेलं अंग, अख्खा एमू दिसतो. देशभरातल्या कितीतरी आदिवासी समाजांना हा एमू ठाऊक आहे. आणि सूर्योदयासाठी उठालच तर पूर्वेला आपल्या कृत्तिका बघा, तिथे त्या सात बहिणी आहेत, वाती न्यिरू नावाचा पुरुष त्यांच्या मागे लागलाय आणि त्या त्याला चुकवत आकाशात गेल्या.

अॅडलेडकर

मेरीनीबद्दल मी धूळवाट यांच्याशी सहमत नाही, निदान या कुटुंबासाठी तरी. त्या रस्त्याचा बराच मोठा पट्टा कच्चा आणि नालीदार आहे, तास दोन तास गाडी अशी थडथडते की दात वाजतात, ज्यांचे गुडघे आधीच दुखतायत त्यांना मागच्या सीटवर हे कशाला. पाऊस झाला तर रस्ता बंदच करतात. आणि मुख्य म्हणजे इन्शुरन्स. बहुतेक रेंटल करारात साधी गाडी कच्च्या रस्त्यावर नेली की विमा रद्द, एसयूव्ही दिसायला मोठी असली तरी करारात टू व्हील ड्राइव्ह असू शकते. करार शब्द न शब्द वाचा. दिवसाला किती किलोमीटर फुकट आहेत, अॅलिसला घेऊन युलाराला सोडली तर वन वे फी किती, आणि अंधार पडल्यावर गावाबाहेर चालवायला परवानगी आहे का, हे तीन प्रश्न बुकिंगच्या आधी विचारा. तिसऱ्याचं उत्तर बहुधा नाही असं असतं, आणि तसंही संध्याकाळी कांगारू, गाई, उंट रस्त्यावर येतात म्हणून पाचच्या सुमारास मुक्कामी पोचलेलं बरं.

डांबरी रस्त्याने स्टुअर्ट हायवेवर दक्षिणेला २०० किलोमीटर एर्लडंडा, तिथे टाकी भरा, उजवीकडे लॅसेटर हायवे, मग लुरित्जा रोडने किंग्ज कॅन्यन. लांब आहे पण गुळगुळीत आहे, बाबा डुलकी काढू शकतील. पुढे उलुरूकडे जाताना डाव्या हाताला एक मोठा सपाट माथ्याचा डोंगर दिसेल, सगळी गाडी ओरडते आला आला, तो उलुरू नाही, माउंट कॉनर आहे. रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, पन्नास मीटरहून लांब असतात, ओव्हरटेकची घाई नको, समोरचा रस्ता लांबपर्यंत मोकळा दिसला तरच.

जिथे पंप दिसेल तिथे पेट्रोल. गाडीत पिण्याच्या पाण्याचे मोठे कॅन, माणशी मोजून नाही तर सढळ हाताने. फोनला रेंज गावं सोडली की जवळजवळ नसते. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही, हा नियम लेकीलाही पाठ करून घ्या, विमानातून किंवा रस्त्यावरून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. कपडे थंडीचे, खरोखरीचे, कानटोपी हातमोजे सगळं. लोक वाळवंट म्हणून टी शर्ट घेऊन येतात आणि उलुरूच्या सूर्योदयाला ब्लँकेट गुंडाळून कुडकुडत असतात.

धूळवाट

अॅडलेडकर म्हणतात ते पटतंय, गाडी साधी असेल आणि नवऱ्याला धास्ती असेल तर मेरीनी नकोच, आनंदाचा प्रवास आहे. पण मग ओवी, हर्मान्सबर्ग सोडू नकोस, अॅलिसहून तिथपर्यंत रस्ता डांबरी आहे, एका दिवसात जाऊन येता येतं. सीमाताई त्याबद्दल जास्त चांगलं सांगतील.

सीमाताई_डार्विन

हो, ते राहिलंच. हर्मान्सबर्ग म्हणजे न्टारिया, १८७७ मध्ये लुथरन मिशनऱ्यांनी वसवलेलं. जुन्या पांढऱ्या दगडी इमारती आता वेस्टर्न अरेंटे लोकांच्याच ताब्यात आहेत. अल्बर्ट नामात्जिरा इथला, जन्म १९०२. रेक्स बॅटरबी नावाचा चित्रकार इकडे यायचा, अल्बर्टने १९३६ मध्ये त्याला उंट घेऊन डोंगर फिरवले आणि बदल्यात जलरंग शिकून घेतले. दोन वर्षांत मेलबर्नला त्याचं प्रदर्शन लागलं आणि सगळी चित्रं विकली गेली. एवढं नाव होऊनही त्याला देशाचं नागरिकत्व मिळालं ते १९५७ मध्ये, आणि ते फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला, मुलांना नाही. नातेवाइकांत दारू वाटून घेण्याची आपली रीत त्याने पाळली, कायद्याने दारू त्यांना निषिद्ध होती, त्याला शिक्षा झाली आणि १९५९ मध्ये तो गेला. आधी ऑर्मिस्टनचे जांभळे डोंगर डोळ्यांनी बघा आणि मग त्याची चित्रं. लोकांना वाटायचं रंग भडक लावलेत. ते रंग तसेच आहेत.

तिथूनच पुढे पाम व्हॅली. शेवटचा टप्पा फिंक नदीच्या पात्रातून, उंच फोर व्हील ड्राइव्हशिवाय अशक्य, तेव्हा अॅलिसहून टूर घ्या, बाबांना झेपेल का ते विचारून. या खोऱ्यात तांबड्या कॅबेज पामचं बन आहे, असे पाम पुढे उत्तरेला हजारेक किलोमीटरपर्यंत कुठे नाहीत. सगळे समजायचे की हिरव्यागार प्राचीन काळातले हे मागे राहिलेले. मग शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला तर निघालं की हे उत्तरेकडच्या पामांपासून फार तर पंधरा एक हजार वर्षांपूर्वी वेगळे झालेत, म्हणजे बिया कोणीतरी आणल्या असणार. आणि इथल्या अरेंटे लोकांची कथा, जी एका मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवली होती, तेच सांगते, उत्तरेकडून देव आले आणि त्यांनी बिया आणल्या. लेकीला ही गोष्ट त्या झाडाखाली उभी राहून ऐकव.

ओवी_मेलबर्न

ठरलं मग. मेरीनी नाही, डांबरी रस्ता. अॅलिसला तीन दिवस, त्यात एक दिवस पाम व्हॅली आणि हर्मान्सबर्गची टूर, आई, मी आणि लेक जाऊ, बाबा आणि नवरा डेझर्ट पार्क करतील. ऑर्मिस्टनला सगळे. लेकीला थॉर्नी डेव्हिलचं सांगितलं, थोडा वेळ फुगली आणि मग विचारलं की रेप्टाइल सेंटरमध्ये तो पाणी पिताना दाखवतात का. पासेसचं काय ते सांगाल का कोणी, ऑनलाइन काढायचे का?

अॅडलेडकर

दोन वेगळे आहेत, गोंधळ करू नका. वेस्ट मॅकडॉनेल आणि किंग्ज कॅन्यन नॉर्दर्न टेरिटरी सरकारचे पार्क, बाहेरच्या राज्यांतल्यांना २०२३ पासून त्यांचा पास लागतो, ऑनलाइन. उलुरू काटा जुटा केंद्राचा पार्क, त्याचा वेगळा, मोठ्या माणसाला तीन दिवसांचे ३८ डॉलर, मुलांना फुकट, तोही ऑनलाइन काढून फोनवर सेव्ह करून ठेवा. काटा जुटाला बाबांसाठी वाल्पा गॉर्जची वाट बघा, थोडी खडबडीत आहे पण जमेल तिथवर जाऊन बसता येतं. आणि युलाराचं राहणं आजच बुक करा, पार्काला लागून राहायची ती एवढीच जागा आहे आणि जुलैत ती सगळ्यात आधी भरते.